गुलाबजल शिंपडून तसंच सोडू नका

भुसावळला पारा ४५ वर गेला की फ्रिजच्या दारात पाण्याच्या बाटल्यांशेजारी गुलाबजलाची बाटली येऊन बसते. बाहेरून आलं, तोंडावर दोन-तीन फवारे मारले, पंख्याखाली बसलं की बरं वाटतं. दहा मिनिटांत तोंड ओढल्यासारखं होतं, मग परत फवारा. दिवसातून पाच-सहा वेळा असं झालं की संध्याकाळी गालावर पांढरे पापुद्रे दिसतात आणि सगळा दोष उन्हाला जातो. दोष उन्हाचा आहेच, पण निम्मा त्या फवाऱ्याचाही आहे.

गुलाबजलात ९९ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मुंबईच्या दमट हवेत ते तोंडावर थोडा वेळ तरी थांबतं. आपल्याकडे खानदेशात एप्रिल-मेच्या दुपारी हवेत ओलावा जवळपास नसतोच, वर गरम वारा सुटलेला असतो. ओढणी वाळत घातली की पंधरा मिनिटांत कडकडीत होते, तिथे चेहऱ्यावरचं पाणी किती टिकणार? पुन्हा पुन्हा ओलं आणि कोरडं होत राहिलं की कातडीचा वरचा थर फुगतो, आक्रसतो, आणि पाणी धरून ठेवणारे त्याचे स्वतःचे घटक कमी होत जातात. ओठ सारखे चाटले की जास्त फुटतात, तोच हा प्रकार.

म्हणून पहिला नियम सांगतो, बाकी सगळं नंतर. गुलाबजल लावल्यावर चेहरा ओलसर असतानाच, म्हणजे एका मिनिटाच्या आत, वरून काहीतरी लावा. कोरड्या त्वचेला तिळाचं किंवा बदामाचं तेल तीन-चार थेंब पुरे. थेंब तळहातावर चोळायचे आणि तळवे चेहऱ्यावर नुसते दाबायचे, घासायचे नाहीत. तेलकट त्वचेला हलकं लोशन लावा. उन्हात जायचं असेल तर गुलाबजल, मग लोशन, ते मुरू द्यायचं, आणि शेवटी सनस्क्रीन. सनस्क्रीन लावल्यावर वरून फवारे मारू नका, थर विस्कटतो. गुलाबजलाने ऊन अडत नाही, हेही इथेच सांगून टाकतो, कारण तसा समज बराच आहे.

बाटलीत नेमकं काय असतं

गुलाबाच्या सुगंधातला एक घटक, फेनिलइथाइल अल्कोहोल, पाण्यात चांगला विरघळतो. फुलं उकळताना वाफेबरोबर तो पाण्यात उतरतो आणि गुलाबजलाला ओळखीचा वास येतो. सिट्रोनेलॉल, जेरॅनिऑल हे बाकीचे घटक मुख्यतः तेलात जातात, पाण्यात थोडेच राहतात. तेल किती कमी निघतं पाहा: एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन ते चार टन फुलं लागतात. तेव्हा शंभर रुपयांत मिळणारी ‘शुद्ध गुलाबतेला’ची बाटली कशाने भरली असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

गुलाबजल किंचित आम्लधर्मी असतं आणि आपली त्वचाही तशीच असते. साबणाने तोंड धुतल्यावर जे ताठ वाटतं, ते गुलाबजलाने थोडं सैल होतं. हा फायदा खरा आहे. डाग जाणं, रंग उजळणं, सुरकुत्या मिटणं, केस वाढणं हे त्याच्याकडून मागू नका.

विकत घेताना बाटलीच्या पाठीमागे बघा. घटकांच्या यादीत पहिलं नाव ‘रोझा डॅमॅसेना फ्लॉवर वॉटर’ किंवा तशा अर्थाचं असेल तर गुलाबजल आहे. पहिलं नाव ‘ॲक्वा’, म्हणजे पाणी, आणि पुढे ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ असेल तर ते पाण्यात मिसळलेलं अत्तर आहे. मातीचा लेप कालवायला चालेल, पण रोज तोंडाला नको. रंग गुलाबी असेल तर रंग घातलाय. वाफेवरचं गुलाबजल साध्या पाण्यासारखं बिनरंगी असतं. बाटली जोरात हलवून पाहा. फेस येऊन बराच वेळ टिकला तर सुगंधी तेल पाण्यात विरघळवण्यासाठी त्यात फेसाळ घटक घातलेला असण्याची शक्यता मोठी. वासाचीही परीक्षा आहे. खऱ्याचा वास मधासारखा, किंचित हिरवट असतो आणि थोड्या वेळात उडून जातो. रुमालाला दुसऱ्या दिवशीही घमघमाट असेल तर ते काम बाटलीतल्या अत्तराचं.

‘फेनॉक्सीइथेनॉल’, ‘सोडियम बेंझोएट’ अशी नावं दिसली म्हणून बाटली परत ठेवू नका. ते टिकवण्यासाठी घातलेले घटक आहेत, आणि मे महिन्यात दुकानाच्या पत्र्याखाली महिनाभर पडून राहणाऱ्या बाटलीत ते असलेलेच बरे.

घरी काढायचं असेल तर

गुलाबजल काढण्याचा मोठा धंदा उत्तर प्रदेशात कनौजला आणि राजस्थानात पुष्करच्या बाजूला चालतो. कनौजची पद्धत देग-भपक्याची: तांब्याची मोठी देग, तिच्यातून निघणारी बांबूची नळी आणि पाण्याच्या हौदात गार होत पडलेला भपका, म्हणजे वाफ धरणारं भांडं. तत्त्व एवढंच की फुलं पाण्यात उकळायची, वाफ धरायची, गार करून परत पाणी करायचं. हे स्वयंपाकघरात जमतं.

फुलं मात्र योग्य हवीत. सजावटीचा लांब दांड्याचा डच गुलाब दिसायला देखणा, पण वासाला जवळपास काहीच नाही, आणि त्याच्यावर फवारण्या भरपूर झालेल्या असतात. हवा तो गावठी गुलाब, फिका गुलाबी, लहान, भरगच्च पाकळ्यांचा, हातात घेतला की वास येणारा. हाराच्या दुकानातल्या सुट्ट्या पाकळ्या देवाला ठीक. त्यांच्यावर काय मारलंय ते विचारता येत नाही, आणि नुसत्या धुण्याने सगळं औषध जातही नाही. घरचं झाड असेल तर तोडणीच्या आधी किमान दोन-तीन आठवडे त्याच्यावर काही मारू नका.

तोडणी पहाटे, ऊन वर यायच्या आत. उन्हाबरोबर सुगंध उडतो, आणि आपल्याकडे मार्चनंतर नऊ वाजता तोडलेल्या फुलात फारसं काही उरत नाही. ऑक्टोबरमध्ये छाटणी केली की साधारण दीड महिन्यात फूल येतं आणि थंडीभर चांगलं येतं. म्हणजे अडचण अशी की गुलाब हिवाळ्यात भरतो आणि गुलाबजल हवं असतं उन्हाळ्यात, तर घरी काढलेलं तोवर टिकत नाही. हिवाळ्यात घरी काढा, मे महिन्यात नीट बघून विकत घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

प्रमाण असं: पाकळ्या १०० ग्रॅम (गावठी गुलाबाची साधारण चाळीस-पन्नास फुलं), पाणी ६०० मिली. देठ, हिरवी पानं आणि मधले पिवळे तुरे काढून टाका, नाहीतर पाल्याचा वास उतरतो. पाकळ्या एकदा पाण्यातून काढा, भिजत ठेवू नका. चार-पाच लिटरचं स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियम नको. तळाला कुकरची स्टँड ठेवा, तिच्यावर जड बुडाची स्टीलची वाटी. वाटी हलकी असली तर पाणी उकळताना हलते, तिरकी होते आणि पातेल्यातलं पाणी आत शिरतं. मग सगळी मेहनत वाया. वाटीची कड पाण्याच्या वर चार बोटं हवी. पाकळ्या आणि पाणी वाटीच्या भोवतीने घाला, वाटीत नाही.

आता झाकण. सपाट ताटली ठेवली तर वाफेचे थेंब कडेला ओघळतात आणि पातेल्यातच परत पडतात. त्यासाठी गोल बुडाची स्टीलची कढई पातेल्याच्या तोंडावर बसवा, पोट खाली. मांड्यांच्या खापराचं पोट वर असतं, इथे बरोबर उलटं. वाफ कढईच्या पोटाला लागते, थेंब उताराने मधोमध येतो आणि नेमका वाटीत पडतो. कढईचं बूड आणि वाटीची कड यांच्यात दोन बोटं अंतर राहू द्या. पातेलं आणि कढई यांच्या फटीत मऊ मळलेल्या कणकेची वळी दाबून बसवा. कढईत बर्फ आणि पाणी भरा.

पहिली उकळी येईपर्यंत मोठी आच, मग एकदम बारीक. पाणी खदखदलं तर पाकळ्यांचा रंग उडून वाटीत येतो. आतून मंद बुडबुड ऐकू आली पाहिजे, एवढीच आच. कढईतला बर्फ वितळून पाणी कोमट झालं की पळीने काढून नवा बर्फ टाका. बर्फाचे चार ट्रे लागतात, तीन कमी पडतात. पाणी कोमट राहिलं तर वाफ गारच होत नाही, फटींतून निघून जाते. स्वयंपाकघरभर गुलाबाचा वास दरवळला की खूश होऊ नका, तो वास बाटलीत जायचा होता.

पाऊण तासात १०० ते १२० मिली जमतं. तिथेच गॅस बंद करा. जेवढं पाकळ्यांचं वजन, साधारण तेवढंच गुलाबजल, हे प्रमाण लक्षात ठेवा. सगळा सुगंध सुरुवातीच्या भागात येतो. लोभाने आणखी तासभर ठेवलं तर वाटी भरते, पण आधीचं चांगलंही पातळ होतं. उघडण्याआधी सगळं गार होऊ द्या, नाहीतर वाफ तोंडावर येते.

ताज्या गुलाबजलाला पहिल्या दिवशी शिजलेल्या पाल्यासारखा वास येतो. बिघडलं म्हणून ओतू नका. बाटलीत दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये राहिलं की तो वास बसतो आणि गुलाब वर येतो. पातेल्यातलं लालसर-तपकिरी पाणी त्याच दिवशी पाय बुडवायला वापरा. पांढऱ्या टॉवेलला लागू देऊ नका.

कुकरच्या शिट्टीला नळी लावून गुलाबजल काढायच्या युक्त्या फिरत असतात. त्या करू नका. ओली पाकळी वाफेच्या भोकात अडकली तर कुकर फुटायला वेळ लागत नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर ५० ग्रॅम पाकळ्यांवर २५० मिली उकळतं पाणी ओता, अर्धा तास झाकून ठेवा, गाळा. हा काढा झाला, गुलाबजल नव्हे. रंग मातकट गुलाबी येतो, वास कमी, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. लेपाला उत्तम. काही जण त्यात लिंबू पिळून भडक गुलाबी करतात. पाकळ्यांतला रंग आंबटात लाल होतो, एवढीच त्यातली जादू.

बाटली काचेची, गडद, ५० मिलीची घ्या. मोठी घेतली की ती सारखी उघडली जाते. बाटली दहा मिनिटं पाण्यात उकळा, उलटी ठेवून पूर्ण वाळवा. फवाऱ्याचं डोकं उकळता येत नाही, त्यातून सर्जिकल स्पिरिट दोन-तीनदा मारून काढा आणि वाळू द्या. वाफेवरचं गुलाबजल फ्रिजमध्ये तीन आठवडे ठीक राहतं. वीज जाऊन फ्रिज अर्धा दिवस बंद राहिला, बाटली तशीच ओट्यावर विसरली, तर हा हिशेब धरू नका. गढूळपणा, कापसाच्या धाग्यासारखं काही तरंगणं, आंबूस वास, यातलं एक जरी दिसलं तर ओतून द्या. गाळून किंवा परत उकळून वापरू नका.

ग्लिसरीन, आणि लिंबू नकोच

ग्लिसरीन आणि गुलाबजलाची जोडी जुनी आहे आणि योग्यही. चुकतं ते प्रमाण. ग्लिसरीन आजूबाजूचा ओलावा ओढतं. हवेत ओलावा असला तर हवेतून ओढतं, नसला तर त्वचेच्या आतल्या थरातून. म्हणून अर्धं-अर्धं मिश्रण मेच्या दुपारी चोपडलं तर आधी चिकट आणि मग ताणल्यासारखं वाटतं, वर धूळ बसते ती वेगळी.

उन्हाळ्यात १०० मिली गुलाबजलाला ग्लिसरीन ३ मिली, म्हणजे चहाचा अर्धा चमचा भरून थोडं वर. हिवाळ्यात, धुळ्याकडे पहाटे पारा सात-आठवर येतो त्या दिवसांत, ९० मिलीला १० मिली. टाचांना दोन भाग गुलाबजल, एक भाग ग्लिसरीन, आणि त्यावर लगेच तेल किंवा पेट्रोलियम जेली. कूलर लावलेल्या खोलीत ग्लिसरीन चांगलं काम करतं, कारण कूलरची हवा दमट असते. त्यामुळे उन्हाळ्यात ते रात्री झोपताना लावावं, दुपारी बाहेर पडताना नाही.

ग्लिसरीन मेडिकलमधूनच घ्या, बाटलीवर ‘आयपी’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जा) लिहिलेलं पाहून. मिश्रण थोडं थोडं करा, आठवड्याभराचं. इतक्या कमी ग्लिसरीनने गुलाबजल टिकत नाही.

याच बाटलीत लिंबू पिळायची पद्धत घराघरात आहे आणि ती मोडायला हवी. लिंबाचा रस फार आंबट असतो, त्वचेच्या मानाने कितीतरी पटींनी. शिवाय लिंबाच्या रसात आणि सालीत असे घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं. आधी लाली किंवा फोड, मग काळपट डाग, आणि तो डाग महिनोन् महिने जात नाही. म्हणजे डाग घालवायला लावलेलं लिंबूच डाग देऊन जातं. गालावर, हातावर ओघळीच्या आकाराचे काळे पट्टे दिसले तर आधी लिंबाचा विचार करा. रात्री लावून सकाळी धुतलं तर चालेल का, असं विचारतात. धुणं कुठेतरी राहून जातं. नकोच.

मुलतानी माती कोरडी होऊ देऊ नका

दोन चहाचे चमचे माती, तीन ते चार चमचे गुलाबजल. माती मैद्याच्या चाळणीने चाळा, गुलाबजल वरून ओता आणि ढवळू नका. दहा मिनिटं माती स्वतःच पाणी पिते. आधीच ढवळलं तर गुठळ्या होतात आणि त्या चेहऱ्यावर खरखरतात.

लेप फुटेपर्यंत ठेवायचा हा दुसरा गैरसमज. माती ओली असते तोवर तेल आणि मळ ओढते, वाळली की आपलाच ओलावा ओढू लागते. पाकिटावर वीस मिनिटं लिहिलेलं असतं. आपल्याकडे पंख्याखाली लेप सहा-सात मिनिटांत कडेने पांढरा पडतो. कड पांढरी दिसली की धुवायचं. घड्याळाकडे बघू नका, कडेकडे बघा. वाळलेला असेल तर खरवडू नका, आधी गुलाबजलाचा किंवा पाण्याचा फवारा मारून मऊ करा. तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा, कोरड्या त्वचेला नाहीच. कोरड्या त्वचेला मातीऐवजी दोन चमचे मसूर डाळीचं पीठ, एक चमचा साय आणि भिजेल एवढं गुलाबजल.

लग्नातल्या हळदीबद्दल थोडं. अहिराणीत तिला हयद म्हणा किंवा हळद, पण ती हळकुंड दळून आणलेली हवी. सुट्या पिवळ्याधमक पावडरीत रंगाची भेसळ असू शकते आणि ती तासभर अंगावर राहणार असते. नवरदेवाने त्याच सकाळी दाढी केली असेल तर हळद झोंबते, दाढी आदल्या दिवशी उरकावी. हळद नुसत्या पाण्यात कालवली की लवकर वाळून झडते. चार चमचे हळदीला दोन चमचे तिळाचं तेल आणि लागेल तसं गुलाबजल घातलं तर अंगाला धरते आणि नंतर काढायला सोपी जाते. नवरीने आठ दिवस आधी एकदा हाताला लावून बघावी, ऐन मांडवात पुरळ नको.

केसांना

इथे आधी पाण्याचं बोलावं लागेल. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो, त्याच पाण्याने केस धुतले जातात. तो क्षार केसांवरही बसतो. केस राठ लागतात, विंचरताना तुटतात आणि शाम्पू बदलत राहिल्याने काही होत नाही. अशा केसांवर नुसतं गुलाबजल शिंपडणं म्हणजे क्षारावर अत्तर.

केस धुतल्यावर एक लिटर फिल्टरच्या पाण्यात एक मोठा चमचा (१५ मिली) पांढरं व्हिनेगर घालून हे पाणी केसांवरून ओता, मिनिटभर थांबा, मग अर्धा-एक लिटर फिल्टरच्या पाण्याने काढून टाका. आठवड्यातून एकदाच. डोक्यात जखम, खरूज असेल तर नाही. मग टॉवेलने टिपलेल्या ओलसर केसांच्या टोकांना गुलाबजल आणि त्यावर तेलाचे दोन-तीन थेंब. इथेही तोच नियम, पाण्यावर झाकण.

कुरळ्या किंवा फुलून येणाऱ्या केसांना जवसाचं जेल चांगलं. दोन मोठे चमचे जवस ३०० मिली पाण्यात मध्यम आचेवर, सारखं ढवळत. सात-आठ मिनिटांनी चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार पडते. तिथे गॅस बंद, आणि लगेच, गरम असतानाच, सुती फडक्यातून गाळा. पाच मिनिटं उशीर झाला की जेल फडक्याला धरून बसतं आणि कितीही पिळलं तरी उतरत नाही. कोमट झाल्यावर चार भाग जेलला एक भाग गुलाबजल मिसळा. गरमात घातलं तर वास उडून जातो. ओल्या केसांना नाण्याएवढंच घ्या. वाळल्यावर पांढरे कण दिसले तर जास्त झालंय, किंवा आधी लावलेल्या क्रीमशी जुळलेलं नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, पातळ होऊन आंबूस वास आला की संपलं.

कोरफड घ्याल तर पान कापून अर्धा तास उभं ठेवा. पिवळा चीक निथळून जाऊ द्या, खाज त्यानेच सुटते. गर धुवा, दोन चमचे गराला एक चमचा गुलाबजल, मिक्सरमधून काढा, तीन दिवसांत संपवा.

केळीचा लेप सांगितल्याशिवाय खानदेशात कोणी सोडणार नाही. साल काळी पडलेलं एक केळं, दोन मोठे चमचे गुलाबजल, एक चमचा खोबरेल. हाताने कुस्करलेलं केळं केसांत जे अडकतं ते तीन वेळा धुतल्यावरही कंगव्यात निघतं. त्यामुळे मिक्सरमध्ये गंधासारखं वाटा आणि वर फडक्यातूनही गाळा. वीस मिनिटं, डोक्याला टॉवेल गुंडाळून, वाळू न देता. केस मऊ होतात, दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यापर्यंत. रावेर-यावलच्या केळीचं खरं काम पोटात, हे मात्र मान्य करावं लागेल.

कोंडा गुलाबजलाने जात नाही. हट्टी कोंड्यामागे बुरशी असते, त्याला मेडिकलमधला कीटोकोनॅझोलचा शाम्पू लागतो. ओलसर टाळूवर वारंवार गुलाबजल शिंपडून केस बांधून ठेवले तर कोंडा वाढूही शकतो.

कशात घालू नये, कुठे लावू नये

टाचांच्या मेणाच्या मलमात गुलाबजल घालायचा मोह होतो. १० ग्रॅम मधमाश्यांचं मेण आणि ४० मिली तिळाचं तेल, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवून गार केलं की मलम तयार होतं आणि कोरड्या डबीत काही महिने टिकतं. त्यात दोन चमचे गुलाबजल गेलं की पाणी आणि मेण एकजीव होत नाही, चार दिवसांत थेंब सुटतात आणि त्या थेंबांत बुरशी धरते. गुलाबजल आधी टाचेला, मलम वरून.

डोळ्यांत घालू नका. घरचं तर नाहीच, आणि कातडीला लावायचं म्हणून विकलेलं विकतचंही नाही. ते जंतुरहित नसतं. मिटल्या पापण्यांवर गार घडी ठेवणं वेगळं. उन्हाने भाजून फोड आले असतील तर साधं गार पाणी आणि दवाखाना. तान्ह्या बाळाच्या अंगाला सुगंधी काहीच नको, गुलाबजलही त्यात आलं. फुलाचं आहे म्हणून ते सगळ्यांना सोसतं, असा समज असतो. पण गुलाबातलेच जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल काहींना खाज आणतात. नवी बाटली आणली की कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा.

आणि कूलर. टाकीत गुलाबजल ओतलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं घर लग्नाच्या हॉलसारखं वाटतं, मग वास उडून जातो. ओतलेल्या बाटलीत ग्लिसरीन असेल तर ते पाण्याबरोबर उडत नाही, कूलरच्या गवतात साठत राहतं, गवत बुळबुळीत होतं आणि त्याला कुबट वास धरतो. गार आणि सुवासिक हवाच हवी असेल तर गवताच्या जोडीला वाळ्याची एक जुडी बांधा. ती भिजेल तेव्हा वास येतो आणि उन्हाळा निघतो.